आचार्य अत्रे यांची नाट्य आणि चित्रपट कारकीर्द

प्रल्हाद केशव अत्रे ऊर्फ आचार्य अत्रे (जन्म : कोडीत खुर्द, १३ ऑगस्ट १८९८, मृत्यू : मुंबई, १३ जून १९६९) हे मराठी नाटककार, कवी, विडंबनकार, चित्रपटनिर्माते, शिक्षणतज्ज्ञ, पत्रकार, वक्ते आणि संयुक्त महाराष्ट्र चळवळीचे एक प्रमुख नेते होते. त्यांच्या नाट्यलेखनाचा मोठा भाग प्रेम, विवाह आणि संसार या विषयांभोवती फिरतो. आपल्या मुलामुलींनी कोणाशी लग्न करावे हे वडीलधाऱ्यांनी ठरवायचे की त्यांनी स्वतः, हा त्या काळी घरोघरी वादाचा प्रश्न होता. अत्रे यांनी तो विनोदाच्या वाटेने रंगभूमीवर आणला आणि तेथून पडद्यावर नेला. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत प्रकरणावरून त्यांच्या चित्रसंस्थेने ‘वसंतसेना’ (१९४२) हा चित्रपट काढला. ब्रँडन टॉमस या इंग्रज नाटककाराच्या ‘चार्लीज आंट’ या प्रहसनाला ‘मोरूची मावशी’ हे मराठी रूप त्यांनीच दिले आणि त्याच नावाचा चित्रपट १९४८ साली प्रदर्शित झाला. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा आढावा मुख्यतः या अंगाने घेतला आहे.

बालपण आणि शिक्षण

अत्रे यांचा जन्म पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, सासवडजवळील कोडीत खुर्द या गावी झाला. कऱ्हा नदीच्या काठचा हा परिसर त्यांच्या मनात कायमचा राहिला. पुढे लिहिलेल्या अनेक खंडांच्या आत्मचरित्राला त्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’ हेच नाव दिले. शालेय शिक्षण सासवड व पुणे येथे झाल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली.

विद्यार्थिदशेत त्यांच्यावर सर्वांत खोल ठसा उमटला तो राम गणेश गडकरी यांचा. गडकरी हे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना गुरू मानीत आणि अत्रे गडकऱ्यांना. कोटी, अतिशयोक्ती आणि कल्पनेची भरारी यांवर उभा असलेला मराठी विनोद या परंपरेतून अत्रे यांच्याकडे आला. गडकरी यांचे १९१९ मध्ये निधन झाले, तेव्हा अत्रे विशीच्या उंबरठ्यावर होते.

शिक्षक आणि विडंबनकार

पदवीनंतर अत्रे यांनी शिक्षकी पेशा पत्करला. पुण्याच्या लष्कर भागातील कँप एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात त्यांनी सुमारे अठरा वर्षे काम केले आणि मुख्याध्यापक या नात्याने ती शाळा नावारूपाला आणली. १९२७–२८ मध्ये इंग्लंडला जाऊन त्यांनी लंडन विद्यापीठाची अध्यापनाची पदविका मिळवली. परत आल्यावर त्यांनी शालेय पाठ्यपुस्तकांकडे लक्ष वळवले. त्यांची ‘नवयुग वाचनमाला’ महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या हाती होती. मुलांना गोडी वाटेल अशी सोपी, बोलती भाषा पाठ्यपुस्तकात आणण्याचे श्रेय या मालेला दिले जाते. हीच बोलती भाषा त्यांच्या नाटकांतील संवादांचेही बळ ठरली.

‘केशवकुमार’ या टोपणनावाने ते कविता लिहीत. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘झेंडूची फुले’ या संग्रहात त्यांनी रविकिरण मंडळातील कवींच्या, विशेषतः माधव जूलियन यांच्या धाटणीच्या प्रेमकवितेचे विडंबन केले. फारसी शब्दांची पेरणी, उसासे टाकणारा प्रियकर, कृत्रिम विरहव्यथा यांची त्यांनी मनसोक्त थट्टा केली. प्रेम हा विषय त्यांना त्याज्य वाटत नव्हता. त्यांचा रोख होता तो प्रेमाच्या सोंगावर. पुढे नाटक आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत हाच त्यांच्या विनोदाचा गाभा राहिला.

नाट्यलेखनाची पार्श्वभूमी

मराठी रंगभूमीवर विवाहाचा विषय अत्रे यांच्या आधीपासून रुजलेला होता. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत सौभद्र’ मध्ये (१८८२) सुभद्रेच्या लग्नावरून होणाऱ्या घालमेलीला हलकीफुलकी मराठी कौटुंबिक छटा आहे. गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘संगीत शारदा’ मध्ये (१८९९) पैशांसाठी लहान मुलीचे वृद्धाशी लग्न लावण्याच्या चालीवर प्रहार केला. देवलांच्याच ‘संशयकल्लोळ’ मध्ये प्रेमिक आणि दांपत्ये यांच्यातील गैरसमजांची गुंतागुंत आहे.

‘शारदा’ आणि अत्रे यांची पहिली महत्त्वाची नाटके यांच्यामध्ये साडेतीन दशके लोटली. या अवधीत मध्यमवर्गीय मुली शाळा-महाविद्यालयांत जाऊ लागल्या. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहाची किमान वयोमर्यादा चौदा आणि मुलांची अठरा ठरवली. शहरांत उपवर मुलामुलींची ओळख लग्नाआधी होण्याची शक्यता निर्माण झाली. परंतु त्यांनी एकमेकांशी बोलावे कसे, भेटावे कोठे आणि कोणाच्या देखत, याचे संकेत मात्र तयार झाले नव्हते. शारदेला बोलण्याचाच अधिकार नव्हता, म्हणून तिचे नाटक करुणेकडे झुकले. अत्रे यांच्या तरुण पात्रांना बोलायचे आहे, पण त्यासाठी निमित्त शोधावे लागते. निमित्त शोधण्याच्या या धडपडीतून त्यांच्या सुखात्मिका जन्माला आल्या.

बालमोहन नाटक मंडळीतील नाटके

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक झपाट्याने चित्रपटगृहांकडे वळला. मोठमोठ्या संगीत नाटक कंपन्या कर्जात बुडाल्या. अशा पडत्या काळात १९३३ साली बालमोहन नाटक मंडळीने अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आणले. सूर्यनमस्काराने सर्व व्याधी बऱ्या होतात असे मानणारे रावबहादूर आणि त्यांच्याभोवती जमलेली निरनिराळ्या छंदांची माणसे यांच्यामधून तरुण प्रेमिकांना वाट काढावी लागते, असा या नाटकाचा घाट आहे. नाटकाला मोठे यश मिळाले आणि बालमोहनला पुन्हा उभारी आली.

त्यानंतर अत्रे यांची नाटके एकापाठोपाठ एक आली. ‘घराबाहेर’ (१९३४) आणि ‘उद्याचा संसार’ (१९३६) ही गंभीर नाटके होती. सासरच्या जाचातून बाहेर पडणारी स्त्री आणि संसाराच्या पडझडीत होरपळणारी स्त्री त्यांच्या केंद्रस्थानी आहे. ‘भ्रमाचा भोपळा’ (१९३५) आणि ‘लग्नाची बेडी’ (१९३६) ही विनोदी नाटके. ‘लग्नाची बेडी’ मध्ये रश्मी ही मोकळ्या वागण्याची आधुनिक तरुणी विवाहित आणि अविवाहित पुरुषांच्या वर्तुळात येते आणि प्रत्येकाचे ढोंग उघडे पडत जाते. या नाटकाचे प्रयोग पुढे अनेक दशके होत राहिले.

हास्य आणि करुण अशा दोन टोकांच्या या नाटकांत विषय मात्र एकच आहे. ‘घराबाहेर’ मधील नायिकेचे दुःख आणि ‘लग्नाची बेडी’ मधील नवऱ्यांची फजिती ही एकाच विवाहसंस्थेची दोन दर्शने आहेत. मोल्येरच्या प्रसिद्ध फ्रेंच प्रहसनावरून अत्रे यांनी रचलेल्या ‘कवडीचुंबक’ या नाटकातही पंपूशेट या कंजूष बापाच्या पैशाच्या हव्यासापायी मुलांच्या लग्नाचा खेळखंडोबा होतो.

चित्रपटसृष्टीत प्रवेश

अत्रे यांच्या नाट्ययशामुळे चित्रपट कंपन्यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात स्थापन केलेल्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी ‘धर्मवीर’ (१९३७) या चित्रपटाची कथा लिहिली. त्यानंतर आलेल्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटाने मराठी विनोदी चित्रपटाला नवे वळण दिले. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा नायक औदुंबर ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून भारावतो, आजन्म अविवाहित राहण्याचे व्रत घेतो आणि देशसेवकांच्या आश्रमात दाखल होतो. पुढे किशोरी त्याच्या आयुष्यात येते आणि व्रताचे काय होते, याची ही गोष्ट आहे. किशोरीच्या भूमिकेतील मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात चित्रित केलेल्या गीतामुळे त्या काळी मोठी खळबळ उडाली. या गाजावाजामुळे कथेतील एक महत्त्वाची गोष्ट बरेचदा नजरेआड होते. येथे मागे लागण्याचे, मन वळवण्याचे काम नायिका करते आणि संकोचून पळ काढतो तो नायक. प्रेमकथेतील ठरीव भूमिकांची ही अदलाबदल हाच चित्रपटाच्या विनोदाचा मूळ झरा आहे. याच विषयावर अत्रे यांनी पुढे त्याच नावाचे नाटकही लिहिले.

‘ब्रॅंडीची बाटली’ (१९३९) हा अत्रे आणि विनायक यांचा आणखी एक यशस्वी चित्रपट. दारूला कधी स्पर्शही न केलेला साधा माणूस ब्रॅंडीची एक बाटली मिळवण्यासाठी गावभर हिंडतो, एवढ्या धाग्यावर तो उभा आहे. दामुअण्णा मालवणकर यांच्या विनोदी अभिनयामुळे तो विशेष लोकप्रिय झाला.

अत्रे पिक्चर्स आणि ‘वसंतसेना’

१९४० नंतर अत्रे स्वतः निर्मितीत उतरले. ‘पायाची दासी’ (१९४१) या चित्रपटात सासूच्या छळाला तोंड देणाऱ्या सुनेची कथा होती. गजानन जागीरदार यांच्या दिग्दर्शनाखालील या चित्रपटात दुर्गा खोटे आणि वनमाला यांच्या भूमिका होत्या. पाठोपाठ ‘वसंतसेना’ (१९४२) आला. त्याचेही दिग्दर्शन जागीरदार यांनीच केले आणि वसंतसेनेची भूमिका वनमाला यांनी केली.

‘मृच्छकटिक’ हे संस्कृत रंगभूमीवरील अत्यंत लोकाभिमुख नाटक मानले जाते. राजे आणि देवता यांच्याऐवजी त्यात उज्जयिनीतील व्यापारी, जुगारी, चोर, भिक्षू, गाडीवान आणि शिपाई वावरतात. दानशूरपणामुळे निर्धन झालेला चारुदत्त आणि त्याच्या गुणांवर लुब्ध झालेली गणिका वसंतसेना यांचे प्रेम, राजाचा मेहुणा शकार याचा वसंतसेनेवरील डोळा, ठेव म्हणून ठेवलेल्या दागिन्यांची चोरी, मातीची खेळण्यातील गाडी आणि शेवटी चारुदत्तावरील खुनाचा आरोप अशी तिची वीण आहे. देवलांच्या मराठी ‘मृच्छकटिक’ मुळे ही कथा महाराष्ट्राच्या ओळखीची झालेली होती. त्यामुळे चित्रपट पाहायला येणारा प्रेक्षक चारुदत्त आणि वसंतसेना यांना आधीच ओळखत होता. अत्रे यांनी चित्रपटाला नायिकेचे नाव दिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ नाटकाचे नाव एका लहान मुलाच्या मातीच्या गाडीवरून आले आहे. चित्रपटाच्या नावातच आपला जोडीदार स्वतः निवडणारी स्त्री पुढे आली.

‘मोरूची मावशी’

‘चार्लीज आंट’ हे ब्रँडन टॉमस यांचे तीन अंकी प्रहसन १८९२ साली इंग्लंडमध्ये रंगभूमीवर आले. लंडनमध्ये त्याचे सलग १,४६६ प्रयोग झाले आणि हा त्या काळातील विक्रम ठरला. ऑक्सफर्डमधील दोन विद्यार्थ्यांना आपापल्या आवडत्या मुलींना खोलीवर जेवायला बोलवायचे असते. वडीलधारी स्त्री हजर असल्याशिवाय मुली येऊ शकत नाहीत. त्यांपैकी चार्लीची ब्राझीलमधील श्रीमंत मावशी त्याच दिवशी येणार असते, परंतु तिचे येणे लांबते. तेव्हा दोघे मिळून एका मित्राला लुगड्याच्या जागी काळा झगा आणि टोप चढवून मावशी म्हणून बसवतात. मुलींचा पालक आणि एका विद्यार्थ्याचे वडील या बनावट श्रीमंत बाईच्या मागे लागतात आणि खरी मावशी येऊन दाखल होते. हॉलिवूडने या नाटकावर अनेकदा चित्रपट काढले. १९२५ च्या मूकपटात चार्ली चॅप्लिन यांचे बंधू सिडनी चॅप्लिन यांनी, तर १९४१ च्या बोलपटात जॅक बेनी यांनी ही भूमिका केली.

अत्रे यांनी हे कथानक मराठी घरात आणताना पहिला निर्णय घेतला तो नात्याचा. इंग्रजीतील एकाच शब्दात आत्या, मावशी, काकू आणि मामी ही चारही नाती सामावतात. मराठीत त्या प्रत्येक नात्याचा स्वभाव वेगळा आहे. आत्या वडिलांच्या घरची, मानपानाची. काकू घरातलीच, रोजच्या धाकातली. मावशी मात्र आईच्या मायेची आणि तरीही घराच्या शिस्तीबाहेरची. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण मराठी माणसाला पाठच असते. तरुण भाच्याच्या प्रेमप्रकरणाला आडोसा देण्यासाठी मावशीइतके योग्य नाते दुसरे नव्हते. शीर्षकातील या एका शब्दाने परकी कथा घरची झाली.

दुसरा बदल काळानेच घडवला होता. मराठी रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका करणे ही अनेक दशकांची प्रथा होती आणि बालगंधर्वांच्या भूमिकांतून तिला कलेची उंची मिळाली होती. प्रेक्षक त्या भूमिकांकडे आदर्श स्त्रीरूप म्हणून पाहत. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या अभिनेत्री आल्या आणि पुढील काही वर्षांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करणे रूढ झाले. त्यानंतर लुगडे नेसलेला पुरुष रंगमंचावर येणे ही विस्मयाऐवजी हसण्याची गोष्ट झाली. ‘मोरूची मावशी’ मध्ये मावशीची भूमिका गाजवली ती बापूराव माने यांनी. ते बालमोहनमधील नामवंत स्त्रीपार्टी नट होते. ज्या कौशल्यावर एके काळी गंभीर नायिका उभ्या राहिल्या, तेच कौशल्य या प्रहसनात विनोदासाठी वापरले गेले.

१९४८ साली ‘मोरूची मावशी’ पडद्यावर आली. अशा प्रहसनाचे चित्रपटात रूपांतर करणे दिसते तितके सोपे नसते. नाटकात सोंग टिकते ते प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यातील अंतरामुळे, आणि हशा वाढतो तो नट प्रेक्षकांच्या प्रतिसादावर वाक्य लांबवतो वा थांबवतो त्यामुळे. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की मिशी काढलेला पुरुष लगेच ओळखू येतो. शिवाय पडद्यावरचा नट हशासाठी थांबू शकत नाही. म्हणूनच ही कथा पडद्यापेक्षा रंगभूमीवर अधिक काळ टिकली, असे म्हणता येते. १९८० च्या दशकात सुयोग या संस्थेने दिलीप कोल्हटकर यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले. विजय चव्हाण यांनी केलेली मावशी एका नव्या पिढीच्या घरोघरी पोहोचली आणि प्रयोगांची संख्या हजारांवर गेली.

वरवर पाहता हे निव्वळ प्रहसन आहे. परंतु त्यातील सारा गोंधळ एका संकेतामुळे होतो. तरुण मुलामुलींनी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीशिवाय बोलू नये, हा तो संकेत. तो पाळल्याचा देखावा करण्यासाठी मुले खोटी वडीलधारी उभी करतात आणि देखरेख करणारे वडीलधारेच तिच्या मागे धावू लागतात. शिस्त लावणाऱ्यांचेच पाय घसरल्यावर मुलांच्या प्रेमाला आक्षेप घेणारा कोणी उरत नाही.

उत्तरकाळातील चित्रपट

चित्रपटनिर्माते म्हणून अत्रे यांची कीर्ती शिखरास पोहोचली ती ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटाने. साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारलेल्या या चित्रपटात वनमाला यांनी आईची, तर माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. १९५४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. त्यानंतरच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटात बाबूराव पेंढारकर आणि सुलोचना यांनी जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या भूमिका केल्या. या चित्रपटाला राष्ट्रपती रौप्यपदक मिळाले. फुले यांच्याविषयीचा अत्रे यांचा आदर जुना होता. पुणे नगरपालिकेत असताना तेथील मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात त्यांचा पुढाकार होता.

पत्रकारिता आणि सार्वजनिक जीवन

१९४० मध्ये अत्रे यांनी ‘नवयुग’ साप्ताहिक सुरू केले. १९४२ च्या नाशिक येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी ‘मराठा’ हे दैनिक काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या दैनिकाने आणि अत्रे यांच्या सभांनी केलेली जनजागृती सर्वश्रुत आहे. ते मुंबईतून विधानसभेवर निवडून गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

या धकाधकीतही नाट्यलेखन थांबले नाही. १९६२ मध्ये मो. ग. रांगणेकर यांच्या नाट्यनिकेतनने दिल्लीत ‘तो मी नव्हेच’ चा पहिला प्रयोग केला. फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकर यांची लखोबा लोखंडे ही भूमिका यांमुळे हे नाटक अजरामर झाले. नाव, जात आणि व्यवसाय बदलून स्त्रियांशी लग्ने लावणारा भामटा न्यायालयात उभा आहे, असे त्याचे कथानक एका प्रत्यक्ष खटल्यावरून सुचले होते. ‘मोरूची मावशी’ मधील वेषांतर प्रेम जुळवण्यासाठी होते आणि शेवटी सर्वांच्या देखत उघड होते. लखोबाचे वेषांतर स्त्रियांना लुबाडण्यासाठी आहे आणि तो शेवटपर्यंत ते नाकारत राहतो. विवाहाच्या बाजारात माणूस पारखायचा कसा, हा अत्रे यांच्या पहिल्या सुखात्मिकांतील प्रश्न येथे अधिक काळोख्या स्वरूपात परत येतो.

१३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्रे यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शिरीष पै आणि मीना देशपांडे या दोघीही लेखिका म्हणून परिचित आहेत.

वारसा

कल्याण आणि पिंपरी येथील नाट्यगृहांना आचार्य अत्रे यांचे नाव देण्यात आले आहे. ‘मोरूची मावशी’, ‘लग्नाची बेडी’ आणि ‘तो मी नव्हेच’ या नाटकांचे प्रयोग त्यांच्या पश्चातही व्यावसायिक आणि हौशी रंगभूमीवर होत राहिले. पुराण, संस्कृत नाटक, फ्रेंच व इंग्रजी प्रहसन आणि वृत्तपत्रातील खटला यांपैकी कोणताही मूळ आधार असो, अत्रे त्याला मराठी घराच्या ओसरीवर आणून बसवीत. नाटकातून चित्रपटात आणि चित्रपटातून पुन्हा नाटकात विषय नेण्याची त्यांची सवयही मराठीत पुढे रुजली. ज्या संकेतांची त्यांनी थट्टा केली, त्यांतील बरेचसे आता मागे पडले आहेत. तरीही लग्नाच्या निर्णयावरून घरात ताण निर्माण होतो, तोवर या नाटकांतील हशाला अर्थ राहील.